सरांच्या वहीतल्या बारा कंपन्या

मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि शेअर बाजारात पैसा राखला तो मात्र रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी. हे मला अजून पचलेलं नाही.

आम्ही एकाच कॉलेजातून एकाच वर्षी निवृत्त झालो. मिळालेल्या रकमेतला बराच भाग दोघांनीही बाजारात घातला. सकाळचा चहा सिडकोतल्या एका हॉटेलात, एकत्र. सर शरियतला धरून गुंतवणूक करत. म्हणजे व्याजावर चालणाऱ्या बँका नाहीत, दारू नाही, आणि डोक्यावर फार कर्ज असलेली कंपनीही नाही.

"बिअरचे कारखाने आपल्या गावाला आणि नफा दुसऱ्यांनी खायचा, सर?" मी डिवचायचो.

"खाऊ द्या ना. तुम्ही आहात की."

मग आखातात युद्ध पेटलं. तेल भडकलं, परदेशी गुंतवणूकदार पळाले आणि जाताना आधी माझ्या बँका विकून गेले. सरांचंही नुकसान झालं, पण माझ्या निम्म्यानंही नाही. मी त्यांना तासभर समजावलं की यात पाप-पुण्याचा काही संबंध नाही; कर्ज कमी असलेल्या कंपन्या संकटात कमी घसरतात, एवढंच.

"मी तरी कुठं म्हणलो, पुण्यामुळं वाचलो?" म्हणत त्यांनी खारी चहात बुडवली. वाद घालायचीही सोय ठेवली नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, आपले गेले त्याचं तुम्हाला एवढं नाय वाटत. त्यांचे राहिले, ते सलतंय."

दुसऱ्या दिवशी सर बेसिनवर हात धुवायला उठले, तेव्हा मी त्यांच्या उघड्या वहीचा मोबाइलवर फोटो काढला. बारा कंपन्या. बँका पडत्या भावात विकून मी त्या बाराच्या बारा घेतल्या आणि टेबलावर मात्र बँकांचीच बाजू घेऊन भांडत राहिलो. युद्धविरामानंतर बँका उसळल्या, तेव्हा मला विजयाचा आनंदसुद्धा करून दाखवावा लागला.

युद्धांना हल्ली तोटा नाही. काही महिन्यांत दुसरं पेटलं. या वेळी मी निर्धास्त होतो. अकरा कंपन्या थोड्या घसरल्या. बारावी पार झोपली, आणि माझे सगळ्यात जास्त पैसे तिच्यातच. निदान सरांचं पडलेलं तोंड तरी बघावं, म्हणून लवकर हॉटेल गाठलं. ते निवांत पेपर वाचत होते.

"लागला का फटका?" मी विचारलं.

"थोडा." त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. शेवटच्या नावावर रेघ मारलेली होती. "यादी दर तीन महिन्यांनी चाळावी लागते, सर. हिचं कर्ज लई वाढलं होतं. मी दिवाळीआधीच काढली." मग चष्म्यावरून बघत, अगदी हळू आवाजात, "तुम्ही काढली ना?"

त्या हॉटेलात बेसिनवर मोठा आरसा आहे, हे मला तेव्हा आठवलं.

"केव्हाच," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. या माणसाचा हेवा करणं थांबवायचं तरी कसं?