सोबतीला हारवाले अण्णासाहेब

मुंबईच्या विमानतळाच्या दाराशी येऊन आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी सूटकेस उचलली आणि ते उलटे टॅक्सीकडे चालायला लागले.

"चाल, घर जाऊत. सोबत मिळनी का मंग जाजो."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वीस वर्षांची, धुळ्याच्या कॉलेजातून नुकतीच बी.ए.ची परीक्षा देऊन मोकळी झालेली. माझी मोठी बहीण, अक्का, लंडनला होती. तिला सातवा महिना लागला होता आणि भाऊजींनी माझं तिकीट पाठवलं होतं. आमच्या चोपड्याच्या एक मास्तरीणबाई लंडनला मुलाकडे निघाल्या होत्या, त्यांच्यासोबत मी जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी त्यांना कावीळ झाल्याचं कळलं; दुसरी कोणी सोबत मिळेल या आशेवर आबा मला विमानतळापर्यंत घेऊन आले होते. वाईट वाटायला मला थोडा वेळ लागला.

आबा केळीचे शेतकरी. मी धुळ्याच्या एसटीत बसले की ते कंडक्टरला खाली बोलावून "पोरीकडे लक्ष ठेवा" असं बजावत, आणि कंडक्टर खरोखरच अमळनेरला मागे वळून बघायचा. विमानात कोणाला बजावणार? त्यांच्या हिशेबी विषय संपला होता. मी मात्र तीन महिने अक्काच्या पत्रांतलं लंडन पाठ केलं होतं. सूटकेसचं दुसरं टोक धरून मी रस्त्यातच उभी राहिले. बाप-लेकीची ती ओढाताण लोक थांबून बघत होते.

तेवढ्यात तीन जीपगाड्या भरून माणसं उतरली. मधोमध थ्री-पीस सूट, वर झेंडूचे, गुलाबाचे, कापसाचे हार. त्यातून कसाबसा चेहरा दिसत होता. घोषणा चालू होत्या. आबांनी कान टवकारले. भाषा आपली होती. धुळ्याचे अण्णासाहेब, लंडनच्या मुलाकडे निघालेले. आबांनी हार मोजले असावेत, कारण त्यांचा चेहरा एकदम उजळला. एवढे हार ज्याच्या गळ्यात, त्याने जग पालथं घातलेलं असणार, असा त्यांचा हिशेब. खरं तर ज्याच्या गळ्यात जास्त हार, त्याचा तो पहिलाच प्रवास असतो. पण हे ज्ञान आम्हा दोघांनाही तेव्हा नव्हतं.

"पोरगी एकटी शे साहेब. जरा ध्यान ठेवज्यात."

"काही काळजी करू नका भाऊ," हारांच्या आतून आवाज आला. "बठ्ठं मी पाही लिसू."

आबांनी सूटकेस सोडली. मी आत पळाले. मागे वळून पाहिलं का? पाहिलं, पण पळता पळता.

काउंटरवर अण्णांनी माझी जागा आपल्या शेजारी मागून घेतली, एवढं एकच काम त्यांनी पूर्ण वाटेत केलं. विमानात बसल्यावर ते पट्ट्याची दोन्ही टोकं हातात घेऊन गाठ मारायला लागले. हवाई सुंदरीने दाखवलेलं मी नीट पाहिलं होतं, म्हणून मी तो अडकवून दिला. विमान धावायला लागलं तसा त्यांचा रंग उतरला.

"पोरी, खिडकी लाव."

"का हो अण्णा?"

"खाली दिसी राहिनं ना!"

आयुष्यात मोठ्या माणसाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. पण खाली समुद्र तिरका झाला होता, झोपड्या, इमारती, सगळं बोटाच्या पेरात मावत होतं, आणि मी नाक काचेला लावलं होतं.

"अण्णा, मला बघायचंय. तुम्ही डोळे मिटा."

त्यांनी मिटले. लंडनपर्यंत जवळजवळ मिटलेलेच होते.

तिथल्या इमिग्रेशनच्या रांगेत अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस राहणार? धुळ्यात माईक सोडायला तयार नसणारे अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मग माझ्या पुस्तकी इंग्रजीत मी आधी त्यांचं उत्तर दिलं, मग माझं. अधिकारी हसला आणि दोन्ही पासपोर्टांवर शिक्के उमटले. त्या आवाजाइतकं सुंदर मी त्यानंतर फार थोडं ऐकलंय. दोन्ही सूटकेसा ट्रॉलीवर घालून मी ढकलत निघाले. अण्णा टाय सरळ करत पुढे. बाहेर त्यांचा मुलगा आणि पोट सांभाळत उभी असलेली अक्का.

"आणलं बरं तुझ्या बहिणीला," अण्णा म्हणाले. "कुठं अडचण येऊ दिली नाही."

चार दिवसांनी चोपड्याला फोन लागला. धुळ्याहून बातमी आधीच पोचली होती. मी "आबा" म्हणायच्या आत ते ओरडले, "साहेबांनी बरं नेलं तुला! मोठा माणूस!" मग अक्काची तब्येत विचारली आणि लाइन तुटली.

पुढे मी इथेच लंडनमध्ये नोकरीला लागले, लग्न केलं, बॉयलर बिघडला तर कोणाशी भांडायचं हे शिकले. तुमच्यापैकी जे गाव सोडून असेच निघून आले त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि जे गावी राहिलात, त्यांच्यासाठी एवढंच: मी घरी आले की ओट्यावर बसून तुम्ही अजूनही अण्णासाहेबांनी मला लंडनला नेल्याची ती कथा मला सांगता, अण्णा आता नाहीत आणि आबाही नाहीत, तरी. दरवेळी अण्णांचं इंग्रजी थोडं सुधारलेलं असतं. मी चहा पिते, हुंकार देते. इथे मला सगळे एकटीने आलेली बाई म्हणून ओळखतात. चोपड्यात मात्र मी अजून एकटी कुठे गेलेलीच नाही, आणि माझ्यासाठी घर म्हणजे असं मानणारं तेवढंच एक ठिकाण.