नवव्या पानावरची अट

दादानं एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं आणि मला कायम 'मास्तरीण' म्हणून चिडवलं. चूक दिसली की माझ्या जिभेला लगाम नसे. ही खोड त्यानंच लावलेली, गणितही त्यानंच शिकवलेलं.

निवृत्तीनंतर तो एकाच सिद्धतेच्या मागे हात धुऊन लागला. अंथरुणाला खिळल्यावर त्यानं ते कागद माझ्या हातात दिले.

"डोळे दमतात गं. तू तपास. तू बरोबर म्हणालीस की गणिताच्या नियतकालिकाकडे पाठवायचं."

दुपारी त्याच्या खाटेशी बसून मी वाचायची. शून्य ते एकमधल्या समाकलनीय फलनांची क्रमिका, म्हणजे आलेखांची न संपणारी रांग, त्यांच्याखालची क्षेत्रफळं एका मर्यादेत. दादाचं म्हणणं, त्यातून काही फलनं अशी निवडता येतात की कुठलंही सतत रेषीय फलनक लावा, म्हणजे कुठल्याही मापानं मोजा, उत्तरं एकाच फलनाकडे जातात. नवव्या पानावर मला चूक दिसली. फलनांचे वर्गही समाकलनीय आणि मर्यादेत असते तर हे खरं होतं. इथे तसं नव्हतं. आलेखाचा उंचवटा अरुंद आणि उंच होत जातो, क्षेत्रफळ तेवढंच राहतं, सगळं एका बिंदूपाशी गोळा होतं आणि हाती धरायला फलनच उरत नाही. या चुकीला दादा स्वतः मुलांना शून्य द्यायचा.

"मास्तरीण, गप्प का? कुठे अडलं?"

त्याचा हात काडीसारखा झाला होता. मी पान उलटलं.

"नाही रे. बरोबर आहे."

"मग सुटलो," म्हणून त्यानं पेनाला टोपण लावलं. पुन्हा कागद मागितला नाही. डोकं शेवटपर्यंत तल्लख होतं, नर्सची गोळ्यांची वेळ चुकली तर तोच टोकायचा. मधूनमधून विचारायचा, "उत्तर आलं का गं?" मी कागद पाठवलेच नव्हते. "येईल," म्हणायची. असे सात आठवडे गेले.

तो गेल्यावर कपाट आवरताना त्याची शिकवायची जुनी वही सापडली. तोच उंचवटा काढलेला, आणि खाली त्याच्या अक्षरात: 'उपाय. क्रमिकेतल्या कुठल्याच फलनाचं क्षेत्रफळ चिमूटभर जागेत गोळा होणार नाही, एवढी अट घाला.'

मी नवव्या पानावर ती अट लिहिली. त्याच्या फलनांना ती लागू पडत होती. पुढची सगळी पानं जशीच्या तशी उभी राहिली. मला एक दुपार लागली.

त्याला अर्धा तास पुरला असता. मी फक्त बोलायला हवं होतं.