अंतरपाटाचा फोटो

रायपूरच्या बीरगाव भागातले गुलाबराव फोटोवाले तसे मनाने वाईट नव्हते, पण तेलीबांध्याच्या अनिमेषचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायचं. रायपूर राजधानी झालं आणि बडी लग्नं त्याच्या नव्या कॅमेऱ्याकडे गेली; गुलाबरावांच्या वाट्याला राहिले कारखान्यातल्या मजुरांचे पासफोटो. त्यात सख्ख्या बहिणीने, पद्मजाने, आपल्या बिनबापाच्या लेकीच्या, देवश्रीच्या, लग्नाचे फोटोही अनिमेषलाच सांगितले.

"दादा, मामानं पोरीमागं उभं राहायचं असते," ती म्हणाली. "तू काहून फोटो काढत फिरतं?"

गुलाबरावांनी मान डोलावली, पण आतून ते जळून खाक झाले.

लग्नाच्या सकाळी अनिमेषने कौतुकाने कॅमेरा त्यांच्या हाती दिला. "काका, लेन्सच्या दोन्ही बाजूनं आलेलं चित्र हा आतच मिळवून पाहते. नाही जुळलं तं लेन्स स्वतःच सरकवते. बटन अर्धं दाबा, बस!"

तीस वर्षं गुलाबरावांनी दुसरं काय केलं होतं? जुन्या कॅमेऱ्याच्या काचेत दोन तुकडे दिसणारं नाक लेन्सचं कडं फिरवून जुळवायचं आणि मग बटण दाबायचं. त्यांच्या डोळ्याचं काम हे डबडं चुटकीसरशी करत होतं! त्यांनी रागाने कॅमेरा पांढऱ्या भिंतीवर रोखला. लेन्स नुसती मागेपुढे घरघरत राहिली.

"कोऱ्या जागेवर जुळवाले रेघच भेटत नाही ना त्याले," अनिमेष हसला. गुलाबरावांनी ते बरोबर ध्यानात ठेवलं.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी अनिमेष नवरदेवाच्या खांद्यामागे नेम धरून उभा राहिला. अंतरपाट पडताच नवरीचा चेहरा टिपायचा, याच एका फोटोचा पद्मजाने धोशा लावला होता. अंतरपाट धरणाऱ्यांना गुलाबराव म्हणाले, "कुंकवाचं स्वस्तिक पोरीकडं करा. मामाची इच्छा समजा." कापड दुपदरी होतं, स्वस्तिक मागून दिसत नव्हतं. अनिमेषसमोर कोरी बाजू आली.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला, देवश्रीने लाजून मान खाली घातली, आणि लेन्स अजून घरघरतच होती. तो आवाज ऐकून गुलाबरावांच्या जिवाला काय थंडावा मिळाला! मुठीतल्या अक्षता टाकायच्याही ते विसरले.

महिनाभराने देवश्री माहेरी आली ती मोठी फ्रेम घेऊन थेट मामाच्या दुकानात. फोटोत तिचा चेहरा पार पुसट होता. लेन्सने शेवटी पकडला होता मागे उभ्या मामाचा चौकड्यांचा कोट. त्यांच्या मिशीचा केस न् केस, दात न् दात स्पष्ट दिसत होते. ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

"आई अजून रडून राहिली या फोटोसाठी," देवश्री म्हणाली. "मी म्हटलं, मी नाही आली तं नाही आली, पण मामा पहा किती खूश आहे! बाबा गेल्यापासून माझ्यासाठी असं कोणी हसलंच नव्हतं. इथं काउंटरच्या वर लावा, मामा."

गुलाबराव खिळा शोधायला काउंटरखाली वाकले. खिळा लगेच सापडला, पण वर यायची त्यांना लाज वाटू लागली.