चाचणीत गेलेले तीनशे डबे

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात स्टीलचे डबे तयार होतात आणि त्यांची गुणवत्ता मी तपासते. पद्धत ठरलेली आहे: डबा करवतीने कापायचा, पत्र्याची जाडी मोजायची, तुकडे भंगाराच्या पिंपात टाकायचे. त्यामुळे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात स्टोअरच्या काकांनी पुढे केलेल्या कागदावर ‘चाचणीत वापरलेले डबे : तीनशे’ असे वाचले, तेव्हा माझी नजर आधी पिंपाकडे गेली. पिंपाचा तळ दिसत होता.

“काका, हे तीनशे कापले कधी?”

“कापायचं काय त्यात, ताई? सही करा. लय इचारू नका.”

कामगारांना आणि विक्रेत्यांना दिवाळीभेट म्हणून सकाळी नेमके तीनशेच डबे वाटले गेले होते. माझा डबा सोनेरी वेष्टनात टेबलाखाली होता.

मी थेट अकाउंट्सच्या साहेबांकडे गेले. ते हसले, मला ते हसणे आवडले नाही.

“फुकट वाटलेला माल असला की त्याच्या पत्र्यावर भरलेला जीएसटी आपल्याला वजा करून मिळत नाही, मॅडम. चाचणीत गेला असेल तर मिळतो. तुमची एक सही हवी.”

“म्हणजे भेट कंपनीची आणि खोटं माझं?”

“तुम्ही सायन्सवाले फार ताणता बुवा! तुमच्या बढतीच्या कागदावर माझीही सही लागते, एवढं लक्षात असू द्या.”

प्रयोगशाळा प्रमुखाची ती जागा मला हवी होती. दोन वर्षे तिच्यासाठीच नाशिकहून रोज ये-जा करत होते. आता मात्र आधीच्या सह्यांचाही संशय येऊ लागला. नोंदवही काढून प्रत्येक महिना पडताळला. आकडे जुळले. त्याने दिलासा मिळाला नाही; आजवर त्यांना माझी गरज पडली नव्हती, इतकाच त्याचा अर्थ होता.

मी माझ्या डब्याचे वेष्टन काढले आणि तो करवतीखाली धरला.

“अवो ताई, घरी न्यायचा ना! नवा कोरा हाय!” काका दारातून ओरडले.

जाडी मोजली, नोंदवली, तुकडे पिंपात टाकले. मग कागदावरचे ‘तीनशे’ खोडून ‘एक’ लिहिले आणि सही केली.

“साहेबांना काय सांगू?”

“पिंप दाखवा.”

बढतीचे पत्र अजून आलेले नाही. नोंदवही मात्र मी आता कपाटात ठेवत नाही. रोज पिशवीतून घरी नेते.