म्हशाच्या जत्रेपर्यंतचं कालवण

…तर पाणी खालून आलं. काल इथवर पोचलो आणि तुम्ही जेवायला उठलात.

बुधीबाय चिखलात उभी, तोंड डोंगराकडं, पाठ समुद्राकडं. खाडीच्या एका बारक्या ओहोळाला तिनं वरच्या अंगानं मातीचा बांध घातला होता. आता खाली राहिलेलं पाणी उपसायचं आणि मासे टोपलीत भरायचे, असा बेत. सिद्धगडाच्या पायथ्याच्या नदीत तिनं जन्मभर हेच केलं होतं. नदीचं पाणी वरून येतं, ते वर अडवलं की काम झालं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा उलटं चढतं, हे तिला कोण सांगणार? भरतीनं मागून गाठलं. आधी टोपली तरंगत गेली, मग बांध विरघळला, आणि छातीएवढ्या पाण्यात बुधीबाय ओरडली, "आरं, पानी उलटं कुनी फिरवलं रं?"

मिठागरावरची सगळी टोळी पोट धरून हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू!

ही बुधीबाय आमच्या म्हसा गावाजवळच्या वाडीतली. जमीन म्हणाल तर उभं राहण्यापुरती. साल सत्तावन्न. भातं झोडून झाली की वाडीतली माणसं काम शोधत खाली उतरत, कुणी वीटभट्टीवर, कुणी खाडीकाठच्या मिठागरावर. तिची मुलगी जिवली आणि जावई मंगळू मिठागरावर आले होते, आणि जिवलीला पहिल्यावेळचे दिवस भरत आलेले. म्हणून बुधीबाय मागोमाग आली. थोरली मुलगी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असताना बाळंतपणात गेली होती, आणि तेव्हा आई जवळ नव्हती. हे एकदा झालं होतं. ते दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात.

पण मिठागराचं काम तिच्या पायांना सोसेना. मीठ पिकवायच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. दोन दिवसांत टाचा फुटल्या, त्यात खार गेला. म्हणून तिसऱ्या दिवशी ती मासे धरायला गेली, आणि झालं ते असं झालं.

आमचा मुकादम अनंता मुरबाडचाच. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला तिखट. म्हणाला, "बुधी, वाफं तुडवायला तुज्याकडं पाय नायत. मासं धराया गेलीस तर खाडीनं तुलाच धरली. उद्या कान्हाच्या गाडीत बस आन घरी जा."

कान्हा म्हणजे मी. टोळीला गोडं पाणी लागे, ते मी बैलगाडीनं पिंपं भरून आणायचो, आणि कुणाला घरी धाडायचं झालं तर तेही माझ्याच गाडीतून.

"जिवली मोकळी होईस्तवर मी हलनार नाय," बुधीबाय म्हणाली. लुगडं अजून ओलं, दात वाजताहेत, पण नजर सरळ.

"आन खानार काय?"

"म्हशाच्या जत्रंपर्यंत रोज सांच्याला साऱ्या टोळीला कालवन घालीन. त्यातलंच मी खाईन. एक दिस चुकला तर मला बोचक्यासकट गाडीत टाक."

"बोल पक्का?"

"पक्का."

त्या दिवशी अमावस्या होती. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला. म्हणजे पंधरा दिवस, सतरा माणसं, आणि हातात एक गळाची दोरी.

मोठ्या पाण्यात गोदू कोळणीची जाळी खुंटांना बांधलेली असत. तिनं बुधीबायला पहिल्याच सकाळी सुनावलं, "गळ टाकायचा तर टाक गो. माज्या खुंटांना हात लावशील तर हात तोडीन. आन ह्या थंडीत मासा गळाला लागत नाय, आदीच सांगते."

"का नाय लागत?"

"गारठतो. तळाला बसून ऱ्हातो."

"मग बसंना का! बसलेला मासा मला ठावा हाय."

मी मोठ्या हौसेनं विहिरीकडची गांडुळं आणून दिली. खाऱ्या पाण्यात बुडवताच ती आकसून दोऱ्यासारखी झाली. गोदूनं ते पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि पदरातली मूठभर बारकी कोळंबी बुधीबायच्या ओंजळीत टाकली. शिव्या देत दिली, पण दिली.

गोदूनंच भरतीचं गुपित सांगितलं, की तिथीची पाऊणकी केली, म्हणजे तिथीच्या आकड्याचा पाऊण हिस्सा काढला, की भरतीचा तास निघतो. मला काय आनंद झाला! आमच्या गुरुजींनी छडी मारून पाऊणकी पाठ करून घेतली, ती जन्मात एकदा तरी कामाला आली. चौथीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी बुधीबायला घडाघडा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "दादा, तुजी पाऊनकी तुज्याजवळ ठेव. मी काठी रोवते." काठाला काठी रोवून ती सावली बघे, आणि रोज पाणी किती उशिरा आलं ते ध्यानात ठेवी. दोघांचं उत्तर एकच यायचं, आणि तिचं जरा लवकर यायचं!

पहिल्याच दिवशी तिनं एक गोष्ट पकडली. अमावस्येच्या सुमाराला पहाटे ओहोटी असते. उघडा पडलेला चिखल सकाळभर उन्हात तापतो, आणि दुपारची भरती त्या तापलेल्या चिखलावर चढते. गारठलेला मासा त्या उबेला वर येतो. कोळी खोल पाण्याकडं बघत आणि ही गुडघाभर पाण्याकडं. सकाळी अंगाला वारा झोंबत असताना ती उगाच दोरी भिजवत बसत नसे. ऊन चढलं की उठे, चढत्या पाण्याच्या कडेला सावली मागं पडेल अशी बसे, आणि हलत नसे. त्या दिवशी चौदा शिंगाळे आणले, मिशावाले काटेरी मासे. कालवण पातळ झालं, पण झालं. अनंता बोटं चाटत म्हणाला, "नशीब."

"नशीब रोज शिजवत नाय, मुकादम," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलं.

खरी परीक्षा अष्टमीला आली. तेव्हा पाण्याचा जोर मरतो, त्याला भांग म्हणतात. भरती पार सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी नुसती ओहोटी. तापल्या चिखलावर चढायला पाणीच नाही. वरून उत्तरेचा वारा. गोदूची जाळीसुद्धा रिकामी लोंबत होती. मी गाडी घेऊन आलो तेव्हा अनंता बैलांकडं बघून म्हणाला, "कान्हा, उद्या परत जाताना गाडीत जागा ठेव."

बुधीबायनं ऐकलं. मांडीएवढा चिखल तुडवत ती ओहोळाच्या वळणाशी गेली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल खणतं, हे नदीचंही खरं आणि खाडीचंही. ओहोटीला मासा जाणार कुठं? त्याच खळग्यात, तळाला. तिनं गळाला कोळंबीचं एवढंसं शेपूट लावलं, तळाला सोडलं आणि वीतवीत सरकवत राहिली. सरकवायचं, थांबायचं. मंगळू मदतीला गेला तर त्याला म्हणाली, "थंडीतला मासा म्हंजे सासुरवाडीला आलेला जावाय. उठून घेनार नाय. तोंडाशी नेलं तरच खानार."

"मामी, मी काय केलं गो?"

"तू कायबी केलं नायस, त्येच सांगते."

दुसऱ्या शिंगाळ्यानं तिच्या तळहातात काटा मारला. हा काटा विषारी असतो, कोपरापर्यंत ठणकतं. मंगळू म्हणाला, चल. तिनं पदराची चिंधी फाडून हात बांधला आणि दोरी डाव्या हातात घेतली. ऊन कलेपर्यंत तिथंच. नऊ मासे आले. सतरा माणसांना नऊ मासे. तिनं डोकी आणि काटे उकळून रस्सा वाढवला, आणि स्वतः नुसता रस्सा खाल्ला. अनंतानं गाडीचा विषय काढला नाही.

एकादशीला तर तिनं हातभर लांब जिताडा मासा आणला! त्या दिवशी गोदू स्वतः बघायला आली. "कुटं मिळाला गो?" बुधीबायनं तिला खळगा दाखवला. लपवलं नाही.

आणि आली चतुर्दशी. जत्रेला एक दिवस उरलेला. पाऊणकीनं भरती साडेदहाला. गेल्या पंधरवड्यातलं सगळ्यात चांगलं पाणी, चिखल उघडा पडलेला, ऊन स्वच्छ. बुधीबाय गळ घेऊन निघाली, आणि झोपडीतून कळा सुरू झालेल्या जिवलीची हाक ऐकू आली.

तिनं एकदा पाण्याकडं बघितलं. मग गळ छपराला खोचला आणि आत गेली. पाणी भरलं, पाणी ओसरलं. ती बाहेर आली नाही. दुपार टळल्यावर रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, जिवली धड होती.

संध्याकाळी टोळी भाकऱ्या घेऊन बसली, कालवण नव्हतं. तेरा दिवस बोल पाळला होता, चौदावा चुकला. बोल म्हणजे बोल. अनंता झोपडीच्या दाराशी गेला, घसा खाकरला, म्हणाला, "बुधी, आज कोरडं खायचं काय? आपलं काय ठरलं व्हतं? आता मी काय करू?" मी गाडीच्या जुवाशी उभा होतो.

त्यानंतर ती शिमग्यापर्यंत तिथंच राहिली आणि पुढं सात हिवाळे खाडीवर आली. पण त्या संध्याकाळी तिनं आतूनच जे उत्तर दिलं, ते मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे.

"मुकादम, हळू बोल, पोरीचा आत्ताच डोळा लागलाय. आजचा दिस चुकला, खरं हाय. एक डाव भाकरी मिठासंगं खावा, मिठाला हितं काय तोटा हाय? गाडी जुपायची तर जुप, पन उद्याचं पानी दुपारच्या आत भरतंय, तवर नको. गळ छपराला हाय, तेवढा कुनीतरी उतरवून ठेवा."