लॅबची दहा मिनिटं

मी आज जो काही आहे तो मेश्राम सरांमुळे. बोदलकसा तलावाजवळच्या आमच्या गावातून येऊन पदवी घेणारा घरातला मी पहिला, आणि गोंदियाच्या कॉलेजात मला कॉम्प्युटरसमोर बसवणारे ते. भूतखेत, भानामती यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. सर्व्हर बिघडला की कारण असतं आणि शोधलं की सापडतं... हे मी सरांकडूनच शिकलो.

सर निवृत्त झाले. आता त्याच लॅबचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. सगळ्या विद्यार्थ्यांची नावं आणि पासवर्ड एका मुख्य सर्व्हरवर असतात, त्याला डिरेक्टरी म्हणतात. लॉगिन करताना लॅबचा सर्व्हर तिला विचारतो, ती हो म्हणाली तरच पोरांना आत सोडतो.

गेल्या हिवाळ्यात, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यातच, ती कोणालाच हो म्हणेना.

"सर, पासवर्ड बरोबर हाय जी, तरी नाही घेऊन राहिला," एक मुलगी सांगत होती. सगळा वर्ग तेच सांगत होता.

पासवर्ड बदलले. केबल बदलली. सेवा बंद करून चालू केली. शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, नीट वाचला, तर कारण साधं निघालं – वेळ. दोन सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की आमची डिरेक्टरी ओळख नाकारते, आणि लॅबचा सर्व्हर दहा मिनिटं पुढे होता. वेळ जुळवली, पोरं आत गेली, मी चहाला गेलो. परत येतो तर पुन्हा दहा मिनिटं पुढे.

"का झालं? आता तर म्हणला होता, झालं म्हणून," लॅब इन्चार्ज पटले मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, घडी पुढं पळून राहिली."

"मंग बांधून ठेव तिले."

वेळ जुळवणाऱ्या सेवेचा लॉग म्हणत होता, सगळं अचूक आहे. मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बदलली. तेच. रागाच्या भरात अख्खं मशीन बदललं, नव्याने लिनक्स टाकलं. दुपारपर्यंत नीट चाललं, मग पुन्हा दहा मिनिटं पुढे. ना नऊ, ना अकरा. डोकं आपटावंसं वाटत होतं.

परीक्षेच्या सकाळी बाहेरचे परीक्षक येऊन बसले. "लॉगिन झालं नाही तर मला सगळ्यांना गैरहजर लिहावं लागेल," ते शांतपणे म्हणाले. म्हणजे अख्ख्या वर्गाचं वर्ष वाया. त्यात अर्धी पोरं माझ्यासारखीच, घरातली पहिली.

लॅबच्या सर्व्हरचं घड्याळ ऐकतच नव्हतं. मग वैतागून मी डिरेक्टरीचंच घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. सगळे आत गेले.

पटले मॅडम भिंतीकडे पाहत होत्या. तिथे जुन्या घड्याळाच्या जागी फिकट गोल डाग आहे. "मेश्राम सरांची घडी बी एवढीच पुढं राहे नं?"

एवढीच. गावाकडच्या पोरांची संध्याकाळची पॅसेंजर चुकू नये म्हणून सर लॅबचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवत. त्या गाडीने मीही जात असे. निवृत्तीच्या दिवशी ते घड्याळ आम्हीच काढून, तसंच दहा मिनिटं पुढे ठेवून, सरांना भेट दिलं होतं.

सर्व्हर पुढे पळण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा – मी सगळं तपासलं आहे. सर आता नागपूरला लेकीकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र पाठवलं. ते असं:

"आदरणीय सर, सविनय जयभीम.

परीक्षा पार पडली, कोणी गैरहजर नाही. लॅबच्या सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं आधीच सुटली, म्हणून पोरं स्टेशनवर धावत नाही, चालत गेली.

एक विचारायचं होतं, हसू नका. आम्ही दिलेलं घड्याळ घरी कोणी हल्ली बरोबर वेळेवर आणून ठेवलं का? आणलं असेल तर असू द्या, तिथली दहा मिनिटं इथे आली असं समजू. इथे दोन्ही सर्व्हर पुढेच चालू आहेत. कारण मी शोधतो आहे. सापडलं तरी घड्याळं मागे घेणार नाही.

आपला विद्यार्थी"