नंदूचा पेला आणि बुडापेस्टच्या आजी

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीयर. उमेदीची वर्षं आखातात, रुवैसच्या रिफायनरीत गेली. मीटर भलतंच काही दाखवत असेल तर आधी मीटर तपासायचं, चमत्कार झाला म्हणून हात जोडायचे नाहीत, ही आमची शिकवण. या सदरातले अनुभव वाचून "यांना जेवण जरा हलकं घ्यायला सांगा" असं म्हणणारा माणूस मी... आणि आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

२००९ सालची गोष्ट. तेव्हा माझी अबुधाबीला बदली झाली होती आणि इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागे एका जुन्या इमारतीत आम्ही चौघं मित्र एका फ्लॅटमध्ये राहायचो — मी, गिरीश, साळवी आणि नंदू. बायका-मुलं भारतात. नंदू नाशिकचा, बुटका, कपाळावर टक्कल पडलेला, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. घरात चहाचं खातं त्याच्याकडे. आईचं नाव कोरलेला एक स्टीलचा पेला त्याने घरून आणला होता. त्या पेल्याच्या बुडाने आलं ठेचायचं आणि मग त्याच पेल्यातून चहा प्यायचा. आलं इतकं घालायचा की पहिल्या घोटाला ठसका लागलाच पाहिजे.

त्याची आणखी एक खोड होती. शेजारच्या मल्याळी वहिनींनी काही पाठवलं, की त्यांचं भांडं तो रिकामं परत जाऊ द्यायचा नाही. घरात काही नसलं तर निदान मूठभर साखर. "रिकामं भांडं परत देऊ नये, आई म्हणते," एवढंच त्याचं कारण. गिरीश त्याला "नंदूकाकू" म्हणायचा.

बुडापेस्टचं खूळ त्याचंच. लंडन-पॅरिस आपल्या खिशाला झेपणारं नाही, पण युरोपातली एक जुनी राजधानी तरी डोळ्यांनी बघायचीच, असं त्याने ठरवलं होतं. रोज संध्याकाळी लॅपटॉपवर नकाशे उघडून बसायचा. कुठली ट्राम कुठे वळते, कुठल्या मंडईत काय मिळतं, सगळं तोंडपाठ. "चेन ब्रिजवरच्या सिंहांना म्हणे जीभच नाही. मी वाकून बघणार आहे." चौघांची स्वस्तातली तिकिटं काढली, एका जुन्या इमारतीत छोटा फ्लॅट बुक केला.

आणि त्याच्या कंपनीचं दुबई मरीनातल्या टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं. एका सकाळी एचआरने बोलावलं... खलास. व्हिसा कॅन्सल. आम्ही त्याला एअरपोर्टवर सोडायला गेलो तेव्हा तो हसत होता. "तुम्ही जाऊन या रे. मला मग सांगा." पेला मात्र ओट्यावरच राहिला.

नाशिकला गेल्यावर पहिले काही दिवस तो फोनवर बोलला. मग फोनवर यायचाच बंद झाला. त्याची बायको, सुनीतावहिनी, बोलायच्या, हळू आवाजात, बहुतेक स्वयंपाकघरातून. "भाऊजी, हे उठतच नाहीत हो. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. जेवायला वाढलं तर दोन घास खातात, नाहीतर तेही नाही. मला भीती वाटते." काय बोलणार? "होईल ठीक, वहिनी," म्हणायचो आणि स्वतःचीच लाज वाटायची. आमच्याही नोकऱ्यांचा भरवसा नव्हता. पण आम्ही अजून आत होतो आणि तो बाहेर पडला होता.

ट्रिप रद्द करावी असं मला वाटत होतं. साळवी म्हणाला, "अरे, तो जा म्हणालाय ना? न जाऊन त्याची नोकरी परत येणार आहे का?" गेलो. सामानात किटली, रेडी-टू-ईटची पाकिटं, आणि का कोण जाणे, मी नंदूचा पेलाही टाकला.

बुडापेस्टची ती इमारत बघून तिघंही हसलो. मधे चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, गॅलरीत ओळीने दारं — थेट आपली चाळ! त्यामुळेच असेल, पण आम्ही सवयीने बूट दाराबाहेर गॅलरीत काढले. झालं. शेजारच्या दारातून एक आजी बाहेर आल्या आणि त्यांनी आमच्या बुटांकडे बोट दाखवून हंगेरियनमध्ये जे काही सुनावलं, ते भाषा न कळताही नीट कळलं. आम्ही "सॉरी, सॉरी" म्हणत बूट आत घेतले. दुसऱ्या दिवशी फिरून आलो आणि पुन्हा बाहेरच काढले. सवय ती सवय. त्यानंतर आजी दिसल्या की आम्ही मान खाली घालून सटकायचो.

शहर सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक वळणावर कुणीतरी म्हणायचं, "नंदू असता तर..." आणि वाक्य तिथेच राहायचं. पुलावरच्या सिंहांची जीभ आम्हाला खालून काही दिसेना. चहाचीही तीच कथा. टी-बॅगचं ते पाणी पिऊन गिरीश म्हणाला, "च्यायला, नंदूकाकूने आपली सवय बिघडवून ठेवलीय."

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही बॅगा बाहेर काढत होतो. फ्लॅटची मालकीण किल्ली घ्यायला आली होती, तरुण मुलगी, इंग्लिश चांगलं बोलायची. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. मी आधी बुटांकडे बघितलं — आतच होते. आजी चक्क हसत होत्या. त्यांच्या हातात नंदूचा पेला होता, लख्ख घासलेला, आणि त्यात चीजची छोटी गोल खारी बिस्किटं शिगोशीग भरलेली.

मालकीण त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होती. "त्या म्हणतात, तुमचा मित्र काल दुपारी यात चहा घेऊन आला होता. बुटांबद्दल त्याने माफी मागितली. चहा फार छान होता, पण तिखट. आणि तुमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत ना? तो तसं म्हणाला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काल दुपारी तर आम्ही तिघं मंडईत होतो.

"कुठला मित्र?" मी विचारलं.

आजींनी आमच्याकडे एकेक करून बघितलं, मान हलवली आणि हाताने दाखवलं — बुटका, कपाळावर टक्कल. मग त्या जरा वेळ बोलत राहिल्या. मालकीण थोडी अवघडली. "त्या म्हणतात, तो रडत होता. त्यांच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तोही असाच झाला होता. तुमच्या मित्राला त्यांनी सांगितलं, घरी जा, आणि रोज सकाळी उठून घरातल्यांना चहा करून दे. बाकीचं नंतर बघता येतं."

"पण कुठल्या भाषेत बोलले ते?" साळवीने विचारलं.

मालकिणीने विचारलं. आजींनी खांदे उडवले. त्यांना तो प्रश्नच महत्त्वाचा वाटला नाही.

एअरपोर्टच्या बसमध्ये गिरीश माझ्यावर उखडला. "अव्या, तूच केलंस ना हे? पेला तू आणलास!" मी आईची शपथ घेतली. मग मीच एकेक शक्यता मोजायला लागलो. आजींचं वय झालंय, कुणा दुसऱ्या पाहुण्याशी गल्लत झाली असेल. पेला मीच गॅलरीत विसरलो असेन. साळवी खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण चहा तिखट होता म्हणाल्या ना? आपण आलं आणलंच नव्हतं."



अबुधाबीला पोचल्यावर बॅग न उघडताच मी नाशिकला फोन लावला. ठरवलं होतं, यातलं अवाक्षरही काढायचं नाही. आधीच खचलेला माणूस, त्यात ही भर कशाला? फोन वहिनींनी उचलला. त्या रडत होत्या, पण ते रडणं वेगळं होतं.

"भाऊजी, आज सकाळी हे आपणहून उठले. आंघोळ केली, सगळ्यांना चहा करून दिला. मला हातात आणून दिला हो! थांबा, देते त्यांना."

कितीतरी दिवसांनी मी नंदूचा आवाज ऐकला. जरा बसलेला होता, पण त्याचाच होता. कसा आहेस, वगैरे झालं. मग त्याने विचारलं,

"अव्या, त्या आजींनी पेला दिला का रे परत?"

मी एका हाताने बॅगेची चेन उघडली; पेला वरच होता.

"रिकामा नाही ना दिला?"

"नाही," एवढंच म्हणालो मी.

"मग ठीक," तो म्हणाला.

त्याला जे आठवतं ते एवढंच — दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, डोळा लागला, पेल्यात चहा घेऊन एका दारात गेलो, आणि तिथल्या म्हातारीने हात धरून रागावलं. तो याला स्वप्न म्हणतो. मी काय म्हणावं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मीटर तपासून झालं, सगळ्या बाजूंनी तपासलं. आकडा बदलत नाही.

पुढच्या दिवाळीला नाशिकला गेलो तेव्हा तो पेला खजुराने भरून नेला. नंदूने घराच्या पुढच्या खोलीत ड्रॉइंगची कामं घ्यायला सुरुवात केली होती. चहा अर्थातच त्याने केला. ठसका पुसत मी म्हटलं, "नंद्या, पैसे जमले की सगळे मिळून जाऊ बुडापेस्टला."

"दुसरीकडे कुठेतरी जाऊ," तो गाळणी धुता धुता म्हणाला. "ते बघून झालंय माझं."